सहावी टेप

मंगळवारी सकाळी ग्रंथपालबाई स्वतः जिना उतरून तळघरात आल्या, तेव्हाच टेपकाकांना कळलं की काम नेहमीचं नाही. नेहमीच्या कामाला बाई चिठ्ठी पाठवत. गुडघ्यांमुळे त्यांचं आणि जिन्याचं जुनं वैर होतं.

"काका, वहिनींनी वाचलेलं पुस्तक काढायचंय," त्या म्हणाल्या. काकांनी खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत. "ते दीपगृहाचं. एका सभासदबाईंनी मागितलंय. अपुरं आहे म्हटलं, तर म्हणाल्या, असेल तेवढं द्या. तुम्हाला जड जाणार असेल तर दुसऱ्या कुणाला सांगते."

"दुसरं कोण आहे इथे टेपा लावणारं?"

"तेही खरंच," बाई म्हणाल्या आणि कठड्याला धरून वर गेल्या.

हे वाचनालय अंधांचं. इथली पुस्तकं ऐकायची. डोळस माणसं हौसेने यायची, वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत बसून पुस्तक मोठ्याने वाचायची, आणि ते रेकॉर्ड व्हायचं. जुनी रेकॉर्डिंग टेपांवर उतरवून ठेवायची आणि कुणी मागितली की परत काढून द्यायची, हे काकांचं काम. एकोणीस वर्षं ते हेच करत होते. त्यांची बायको बारा वर्षं इथे वाचायला येत होती. मायक्रोफोनपुढे आली की घरच्यापेक्षा थोडा खालचा, थोडा सावकाश आवाज लावायची. काका काचेबाहेरच्या बाकावर बसून तिची वाट बघायचे. चूक झाली की ती मध्येच थांबायची, पाणी प्यायची, काचेतून त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलायची आणि पुन्हा वाचायला लागायची. तेही रेकॉर्ड व्हायचं. नंतर कापलं जायचं.

दीपगृहाची ती कादंबरी तेरा प्रकरणांची होती. अकरावं संपवून ती बाहेर आली तेव्हा तिला धाप लागली होती. "अहो, आज एवढंच," ती म्हणाली. "दोन राहिलीत, पुढच्या आठवड्यात उरकून टाकू." पुढच्या आठवड्यात ती दवाखान्यात होती. तिथून ती घरी आली नाही. याला आता आठ महिने झाले होते.

काकांनी आठ महिन्यांत तिचं एकही रेकॉर्डिंग ऐकलं नव्हतं. ऐकायचंही नव्हतं. पण दोन दिवसांपूर्वी लेकीचा फोन आला होता. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, शाळेत शिकवायची, आणि रोज चार वाजता, शाळा सुटली की, फोन करायची; सुट्टीच्या दिवशीही वेळ तीच. "बाबा, मला आईचा आवाज आठवेनासा झालाय," ती म्हणाली. "चेहरा दिसतो. पण बोलायला लागली की आवाजच येत नाही." काका "होतं असं" एवढंच म्हणाले. कमी बोलणं हा त्यांचा जुना आजार. बायको म्हणायची, यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ स्वयंपाकघरात नुसते उभे राहिले. आपल्याला तरी तिचा आवाज नीट आठवतो का, हे पाहायचं त्यांना धाडस झालं नाही.

त्यामुळे बाई गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं, ते एका परीने लेकीसाठीच.

बायकोच्या शेवटच्या वर्षाचा संच पाच टेपांचा होता. टेप म्हणजे तळहाताएवढी काळी चौकोनी डबी. एका डबीत सगळं मावलं नाही की पुढचं दुसरीत, तिथून तिसरीत, असा संच वाढत जातो. कशात काय आहे याची यादी मशीन सगळ्यात शेवटी, शेवटच्या टेपवर लिहितं. म्हणून काढताना आधी शेवटची टेप लावायची, यादी वाचून घ्यायची, आणि मग पहिलीपासून क्रमाने एकेक. नवख्यांना हे उलटं वाटतं. काकांना ते झोपेतही जमलं असतं.

पाचही डब्यांवर त्यांच्याच हाताने आकडे घातलेले होते. त्यांनी प्रत्येक टेपचा लाल खटका आत सरकवला. खटका आत असला की मशीनला टेपवरचं फक्त वाचता येतं, तिच्यावर काही लिहिता येत नाही. मग पाचवी लावली, यादी आली, मग पहिली, दुसरी. खोलीत गार हवेच्या यंत्राची घरघर आणि टेपची बारीक, सलग गुणगुण. दुपारी दीड वाजता पाचवी टेप दुसऱ्यांदा फिरून संपली. काकांनी जेवणाचा डबा उघडायला घेतला, आणि पडद्यावर ओळ आली: टेप क्रमांक ६ घाला.

काकांनी डबा बंद केला.

नोंदवही काढली. संच पाच टेपांचा, खाली त्यांचीच सही. पडद्यावरची यादी उघडली. सकाळी तिच्यात अकरा प्रकरणं होती. हे त्यांनी बोट ठेवून मोजलं होतं. आता तेरा होती. बारा आणि तेरा यांच्यासमोर तारखेची जागा रिकामी होती.

यादी खराब होणं नवीन नाही. टेप जुनी झाली की मशीन वाटेल ते बरळतं, आणि अशा वेळी करायचं काय, हेही ठरलेलं. त्याच्या तोंडात कुठलीही परकी टेप द्यायची. ते म्हणतं, ही या संचातली नाही, आणि काम तिथेच संपवतं. काकांनी भिंतीजवळच्या कप्प्यातली वरची टेप उचलली. ज्यांची दुसरी प्रत नव्या सर्व्हरवर गेली होती, अशा पुसायच्या टेपा त्या कप्प्यात असत. पुसायच्या म्हणून त्यांचे खटके बाहेर ठेवलेले असत.

टेप आत सरकवताना त्यांनी खटका पाहिला नाही. एकोणीस वर्षांत हे पहिल्यांदाच झालं.

मशीनने टेप नाकारली नाही. ती फिरायला लागली.

वाचण्याचा आवाज वेगळा, लिहिण्याचा वेगळा. वाचताना टेप सलग गुणगुणते, लिहिताना थांबते, मागे येते, पुन्हा पुढे जाते. ही टेप आधी सलग गेली. मग बराच वेळ थांबत थांबत. मग पुन्हा सलग. काका उभेच होते. चाळीस मिनिटांनी डबी बाहेर आली, आणि यादीत बाराव्या प्रकरणासमोर खूण झाली.

त्यांनी हेडफोन कानाला लावला.

"प्रकरण बारावं," ती म्हणाली.

तीच होती. खालचा, सावकाश आवाज. धाप नव्हती, दहा वर्षांपूर्वी वाचायची तशी मोकळी वाचत होती. दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी जिन्याच्या पायऱ्या मोजते आहे आणि दर वेळी एक पायरी जास्त भरते आहे, असं काहीतरी होतं. काकांचं गोष्टीकडे लक्ष नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरला होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. हे प्रकरण तिने वाचलेलंच नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते तिथे होते. तिला हात धरून त्यांनीच जिन्यावरून उतरवलं होतं.

एकच गोष्ट खटकली. दर परिच्छेदाच्या आधी ती घसा खाकरत होती. ही तिची सवय नव्हती.

प्रकरण संपलं. पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग ती काचेतून बोलायची त्या सुरात म्हणाली, "अहो, एकच राहिलंय. उरकून टाकू या."

चार वाजता लेकीचा फोन आला. "आईचा आवाज मिळालाय," काका म्हणाले. "रविवारी ये."

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही रडताय?"

"थंडी आहे इथे," काका म्हणाले.

बुधवारी सकाळी मास्तर आले. मास्तर म्हणजे वाचनालयाचे सगळ्यात जुने वाचक. शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण वर्गाला शिकवल्यासारखेच बोलायचे. त्या दिवशी ते ग्रंथपालबाईंच्या टेबलासमोर उभे होते आणि वहीत लिहीत होते.

"मास्तर गप्प?" बाई हसत म्हणाल्या. "जग बुडणार आता."

मास्तरांनी वही फिरवली. काल दुपारी जेवून उठलो आणि आवाजच गेला, असं लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं, डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. बाईंचं हसू मावळलं. मास्तरांनी काकांकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची घाटी हलली. साधी घरघरसुद्धा आली नाही.

बोलायला तोंड उघडण्याआधी घसा खाकरायचा, ही मास्तरांची जुनी सवय. ती सगळ्या वाचनालयाला पाठ होती.

काका खाली आले. कालची टेप टेबलावरच होती. तिच्या कडेला मास्तरांचं नाव होतं. त्यांनी खटका आत सरकवला आणि ती लावून पाहिली. मशीन म्हणालं, बायकोचा संच, टेप क्रमांक ६. मग त्यांनी सर्व्हरवरची मास्तरांची पुस्तकं उघडली. सगळी जागेवर होती, प्रत्येकाची लांबी बरोबर. त्यांनी एक लावलं. पान उलटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा पान उलटलं. पेल्यातून पाण्याचा घोट घेतला गेला. खुर्ची हलली. पान उलटलं.

काकांनी एकामागून एक नऊ पुस्तकं लावली. मग बंद केलं.

पडद्यावर कालपासून एकच ओळ होती. टेप क्रमांक ७ घाला.

त्या दिवशी त्यांनी ती घातली नाही. लेकीच्या फोनवर "शेवटचं प्रकरण राहिलंय. शोधतोय." एवढी दोनच वाक्यं बोलले. घरी जाऊन खिडकीशी बसले. माणसाचा आवाज जातो, वय झालं की जातोच, असं मनाला समजावून पाहिलं. मन काही खुळं नव्हतं.

गुरुवारी त्यांनी एक हिशेब केला. पुसायच्या कप्प्यात एका डॉक्टरीणबाईंची टेप होती. बाई तीन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मेलेल्या माणसाचं कुणी काय नेणार? त्यांनी खटका बाहेर आहे ना, हे या वेळी नीट बघून घेतलं आणि टेप आत दिली. मशीनने ती अर्ध्या मिनिटात परत केली. ही टेप कोरी आहे, म्हणालं. तिच्यावर बावीस पुस्तकं होती. सर्व्हरवर बाई स्वच्छ आवाजात वाचत होत्या, त्यांच्या आवाजाला काहीही झालं नव्हतं.

म्हणजे जिवंतच लागत होतं.

कप्प्यात आणखी अकरा टेपा होत्या. एक कॉलेजात शिकणाऱ्या मुलीची. ती जिने धावत चढायची, आणि काकांना दर वेळी "बरे आहात ना?" विचारून उत्तराची वाटही बघायची. एक वकिलांची. काकांनी मुलीची टेप उचलली. हातात धरून ते किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. हातातली डबी गरम झाली तेव्हा त्यांनी ती परत ठेवली, कप्प्याला कुलूप लावलं आणि किल्ली वर नेऊन ग्रंथपालबाईंना दिली.

"हे काय, काका?"

"तुमच्याकडेच असू दे. मी मागितली तरी देऊ नका."

"वहिनींचं काम झालं का?"

"एक राहिलंय," काका म्हणाले.

शुक्रवारी दुपारी जेवणाचा डबा न उघडता ते टेबलाशी बसले. समोर एक टेप होती. ती कप्प्यातली नव्हती, त्यांच्या खणातली होती. प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला एक घोषणा लागते: पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, वाचकाचं नाव. ही घोषणा करायला वर कुणी तयार नसे म्हणून एकोणीस वर्षं ती काकाच करत. त्या सगळ्या घोषणा या एका टेपवर होत्या. तसं पाहिलं तर ते जन्मात सगळ्यात जास्त बोलले ते इथेच.

आपल्या आवाजाचं काय, ते मनाशी म्हणाले. असून नसून सारखा. कुणाशी बोलायचंय? लेकीशी रोज दहा मिनिटं, तीही लेकच बोलते. रविवारी ती येईल, आईचं अख्खं पुस्तक ऐकेल, शेवटपर्यंत. वहीत लिहून बोलता येतं. मास्तर बोलतातच की. मास्तरांचं जे झालं ते काही आता उलटत नाही, पण यापुढे दुसऱ्या कुणाचं घ्यायचं नाही. एवढा सरळ हिशेब होता.

त्यांनी खटका बाहेर ओढला आणि टेप आत दिली.

सलग. मग थांबत थांबत. हे थांबत थांबत फार वेळ चाललं. काकांना कुठे दुखलं नाही, काही झालंच नाही. फक्त एकदा वाटलं की कुणीतरी खोलीचं दार लावून घेतलं. दार उघडंच होतं.

पावणेचारला डबी बाहेर आली. हेडफोन न लावता त्यांनी टेबलावरचा स्पीकर चालू केला. तिचा आवाज खोलीभर पसरला.

"प्रकरण तेरावं आणि शेवटचं."

काका डोळे मिटून ऐकत राहिले. प्रकरण लहानच होतं. रखवालदार दिवा विझवतो, आणि समुद्रावरून दुसरा दिवा उत्तर देतो. शेवटचं वाक्य तिने अगदी सावकाश वाचलं. पुस्तक मिटलं. आता रेकॉर्डिंग थांबायला हवं होतं. ते थांबलं नाही. ती मायक्रोफोनपुढे बसलेली आहे, हे श्वासावरून कळत होतं.

काकांनी डोळे उघडले. पडद्यावर नवी ओळ होती.

टेप क्रमांक ८ घाला.

पुस्तक तेराच प्रकरणांचं होतं.

फोन वाजला. चार वाजले होते. त्यांनी उचलून टेबलावरच ठेवला आणि फोनचा स्पीकर लावला.

"बाबा, मिळालं का शेवटचं प्रकरण?"

काकांनी तोंड उघडलं.

"बाबा? ऐकू येतंय का?"

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. घशातून हवा गेली. नुसती हवा.

मागे खुर्ची करकरली.

"बोल गं," स्पीकरमधून ती म्हणाली.

फोनवर लांबून शाळेच्या फाटकाचा आवाज, मुलांचा गलका.

"आई?"

"हो. बाबांचा घसा बसलाय. कधी नव्हे ते फार बोलले."

काकांनी स्पीकरची वायर उपटली. मग संगणकाची, मग मशीनची. हिरवे दिवे विझले. पडदा काळा झाला. गार हवेचं यंत्रही थांबलं.

"रविवारपर्यंत कशाला थांबतेस?" ती म्हणाली. आवाज आता फोनमधून येत होता, तितकाच स्वच्छ. "आत्ताच ये ना. वरची काचेची खोली मोकळीच आहे. दोन पानं वाचून दाखव. तुझा आवाज ऐकून किती महिने झाले."

"आले," लेक म्हणाली. तिला जराही नवल वाटलं नव्हतं. लहानपणी अंगणातून हाक आली की म्हणायची, अगदी तशी. "काय आणू?"

"काही नको. तू ये फक्त."

काकांनी फोन झडप घालून उचलला आणि बंद केला. खोली एकदम शांत झाली. श्वासही नाही.

त्यांनी लेकीला निरोप लिहिला. येऊ नकोस. काही झालं तरी येऊ नकोस. पाठवला. लगेच तिचा नंबर लावला. बोलता येणार नव्हतं, पण निदान तिचा फोन अडला असता.

ती दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होती. लाइन व्यस्त.

पुन्हा लावला. व्यस्त.

तिसऱ्यांदा लावणार, तेवढ्यात फोनच्या पडद्यावर लेकीचं उत्तर आलं.

आई म्हणतेय, बाबा असंच काहीतरी लिहितील. रिक्षात बसलेय.